नालवालीचा रिपोर्ट

दिपमालानं आपल्या नोकरीत एकदाही ‘विका’ असं लिहिलं नव्हतं.

तशी लिहायला बंदी नव्हती. पण नव्या सुनेला तरी ‘भाजीत मीठ जास्त झालंय’ म्हणायची कुठं बंदी असते? म्हणते का कोणी? जळगावच्या तिच्या ऑफिसात शेअर चांगला असला तर ‘जरूर खरेदी करा’ लिहायचे, बरा असला तर ‘खरेदी करा’ आणि कंपनीची तिरडी बांधून झाली असली तर ‘ठेवून द्या’. चौथा शब्द त्या ऑफिसात जन्मालाच आला नव्हता.

ऑफिस होतं अमनशेठचं. त्याच्या बापानं, रिखबचंदांनी, हयातभर तूरडाळीचा व्यापार केला. पोरगा सीए झाला आणि म्हणाला, पप्पा, डाळीत आता काय ठेवलंय, मी कंपन्या विकतो. तेव्हापासून आसपासच्या छोट्या कंपन्यांना शेअर बाजारात उतरवायचं काम तो करायचा. कंपनीकडून त्याची घसघशीत फी घ्यायची. वर बाजारात यायच्या आधीच कंपनीचे थोडे शेअर स्वस्तात बापाच्या नावावर घेऊन ठेवायचे. आणि मग कंपनी कशी आहे, लोकांनी घ्यावी की नाही, हे कोण सांगणार? अमनशेठच्याच ऑफिसातली दिपमाला. मध्यस्थानं नवरदेवाकडून पाकीट घ्यायचं आणि मुलीच्या बापाला सांगायचं की पोरगा सुपारीसुद्धा खात नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की मध्यस्थाला लोक ओळखून असतात. दिपमालाच्या रिपोर्टाला ते ‘संशोधन’ म्हणायचे.

रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर, मुंगीनंही चष्मा मागावा इतक्या बारीक अक्षरांत एक ओळ असायची: ‘सदर कंपनीत आमचे हितसंबंध असू शकतात.’ असू शकतात! पांझरा नदीत वाळू असू शकते, तसे.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास अमनशेठनं ‘तापीकाठ फ्रेश’ नावाची कंपनी बाजारात आणली. रावेरचे योगराजभाऊ तिचे मालक. केळी पिकवायच्या आठ मोठ्या थंडगार खोल्या, म्हणजे रायपनिंग चेंबर, बांधायच्या आणि पिकलेली पिवळीधम्मक केळी दिल्लीपर्यंत पाठवायची, असा बेत. कागदावर तो फार गोड होता. शेअर नव्वदला दिला, पहिल्याच दिवशी दीडशेच्या वर गेला. दिपमालानं लिहिलं, ‘जरूर खरेदी करा’. आखाजीला माहेरी गेली तेव्हा गावानं तिला गराडा घातला. आपल्याच पोरीनं लिहिलंय म्हटल्यावर सात घरांनी पैसे गोळा केले आणि डीमॅट खातं एकट्या झुलाल आबाचं, म्हणजे तिच्या बापाचं, म्हणून सगळे शेअर त्याच्याच नावावर घेतले. भिशी लावतात तशी कंपनी लावली. कोणाचे किती, ते आबाच्या डोक्यात.

वर्ष झालं. शेअर बासष्टवर आला होता.

यात नवल नाही. नव्या नवरीची हळद चार दिवस असते, तशी नव्या कंपनीची. बाजारात येते तेव्हा वाजतगाजत, आणि वर्षभरात अर्ध्या कंपन्यांचा मांडव लोकांच्या डोक्यावर पडलेला असतो. पण आखाजीच्या दोन दिवस आधी अमनशेठनं दिपमालाला केबिनमध्ये बोलावलं, ते वेगळ्या कामासाठी.

“मॅडम, तापीकाठवर नवा रिपोर्ट टाकू आपण. टार्गेट दीडशे.”

“दीडशे? अमनशेठ, आज भाव बासष्ट आहे.”

“म्हणून तर. स्वस्तात मिळतोय म्हणा ना लोकांना.”

“आत्ताच का पण?”

अमनशेठनं पेन कानामागं खोचलं. ही सवय बापाची, डाळीच्या दुकानातली. “सोमवारी लॉक-इन संपतोय.”

दिपमालाला पुढचं सांगायची गरज नव्हती. कंपनी बाजारात यायच्या आधी ज्यांनी स्वस्तात शेअर घेतले, त्यांना वर्षभर ते विकता येत नाहीत. ते कुलूप म्हणजे लॉक-इन. सोमवारी कुलूप उघडणार आणि रिखबचंदांची पोतीच्या पोती बाजारात येणार. ती घ्यायला गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक आणायला रिपोर्ट पाहिजे. रिपोर्टाला सही पाहिजे, आणि सरकारदरबारी परीक्षा देऊन नोंदणी झालेली विश्लेषक त्या ऑफिसात एकच होती.

“रविवारी तर आखाजी आहे,” ती म्हणाली. “मी धुळ्याकडं, माहेरी असेन.”

“राहा ना. आमरस खा. मजकूर मीच तयार ठेवतो, तुम्ही फक्त सोमवारी सकाळी सहीचा ओटीपी सांगा. आणि हां, उद्या रावेरला जाऊन चेंबरचा एक ताजा फोटो काढून आणा. फोटोनं वजन येतं.”

तर दिपमाला रावेरला गेली ती अशी, मालकाच्याच हुकमानं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर अमनशेठ सगळ्यांना सांगत फिरला की ती मुद्दाम हेरगिरी करायला गेली होती.

चेंबर तिनं वर्षभरात दोनदा पाहिले होते, बाहेरून. उघडा म्हटलं की योगराजभाऊ तोंडावर बोट ठेवायचे. “ताई, आत गॅस सोडलाय. दार उघडलं की गेला माल. केळी झोपलीत, त्यांना उठवू नका.” आणि हसायचे. माणूस हसरा होता. गळ्यात चेन, बोटांत अंगठ्या आणि बोलण्यात इतकी साय की चहात दूध घालायची गरज पडू नये.

पण शनिवारी ती रावेरच्या त्या आवारात शिरली तेव्हा आठांपैकी सहा दारं सताड उघडी होती. समोर दोन ट्रक लावलेले. आणि झोपलेली केळी बाहेर येत होती.

आधी प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या आल्या, एकात एक खोचलेल्या. मग गाद्या. मग कनाती, झालरी, बफेची टेबलं, पितळी समया. पाचव्या चेंबरमधून चौघांनी मिळून नवरा-नवरीचं सिंहासन आणलं, दोन सोनेरी सिंहांसकट. सिंहांपैकी एकाचं नाक फुटलेलं होतं.

आखाजी म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी अख्ख्या खानदेशात जागोजागी मांडव. मांडववाल्यानं वर्षभर योगराजभाऊंच्या चेंबरांत सामान ठेवलं, भाडं भरलं, पण आखाजीच्या आदल्या दिवशी ते बाहेर काढण्यावाचून त्याला गत्यंतर होतं का? योगराजभाऊंना कंपनी काढता आली, बाजारात नेता आली, लोकांचे पैसे खोलीबंद करता आले. मुहूर्त पुढं ढकलता आला नाही. बिचाऱ्याला वाटलं असणार, आखाजीच्या तोंडावर कोण मरायला येतंय.

“ताई! तुम्ही?” योगराजभाऊ ट्रकमागून आले. हातातली समई कुठं लपवावी ते त्यांना कळेना. “फोन तरी करायचा!”

“फोटो काढायला पाठवलंय अमनशेठनी.”

“फोटो… काढा ना. त्या दोन नंबरचा काढा. त्यात खरंच केळी आहेत.”

“आणि बाकीच्यांत?”

“बाकीच्यांत…” योगराजभाऊंनी सिंहासनाकडं पाहिलं. “डायव्हर्सिफिकेशन.”

दिपमालाला हसू फुटलं. राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं. तिनं स्वतः गेल्या तिमाहीत लिहिलं होतं, ‘क्षमतेचा वापर शंभर टक्के’. खोटं कुठं होतं? खोल्या शंभर टक्के भरलेल्या होत्याच.

“यंत्रं कुठंयत, भाऊ? कूलिंगची?”

“येतायत.”

“वर्षापासून?”

“ताई, तुम्ही घरच्या. तुमच्यापासून काय लपवायचं? पैसा आला, थोडा इकडं लागला, थोडा तिकडं लागला. भाचीचं लग्न निघालं. एक प्लॉट स्वस्तात मिळत होता.” योगराजभाऊ गाडीकडं धावले आणि साडीचा बॉक्स घेऊन आले. “आखाजी आहे. भावाकडून बहिणीला. नाही म्हणायचं नाही.”

आखाजीला भावानं बहिणीला साडी द्यायची रीत आहे, आणि रीतीच्या आड लाच किती छान बसते! नाही म्हणावं तर भाऊ दुखावतो, हो म्हणावं तर रिपोर्ट बांधला जातो. दिपमालानं बॉक्स घेतला, शेजारच्या खुर्च्यांच्या थप्पीवर ठेवला आणि फोटो काढायला लागली. दोन नंबरचा काढला. मग उघड्या सहांचे काढले. सिंहाचे दोन काढले. तोवर हमाल पोरांनी ती खुर्च्यांची थप्पी उचलून ट्रकमध्ये टाकली, आणि भावाची साडी भावाच्याच मांडववाल्याबरोबर कोणाच्या तरी लग्नाला गेली.

---

धुळ्यापासून पांझरेच्या काठाकाठानं गेलं की तिचं माहेर. गावात शिरलं की तिची ऑफिसातली मराठी वेशीबाहेर राहायची आणि अहिराणी सुरू व्हायची. रविवारी सकाळपासून घरात चुलीवर खापर तापलेलं, तिची आई मंजुळाबाई हातावर पुरणाची पोळी वाढवतेय, पाटीत आंबे, दाराबाहेर कडुलिंबाला झोका आणि झोक्यावर सासरहून आलेल्या पोरी गळा बसेस्तोवर गाणी म्हणतायत. पारावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव.

आखाजीचा डाव खानदेशात कोणी चोरून खेळत नाही. बाप, लेक, सासरा, जावई सगळे एका चटईवर. त्या डावाला एकच शिस्त. जागा ज्याची, पानं ज्याची, चहा ज्याचा, तो प्रत्येक डावातून थोडी रक्कम काढून घेतो. तिला नाल म्हणतात. नाल काढणाऱ्याला डावात कोण जिंकतो, कोण हरतो, याच्याशी देणंघेणं नसतं. त्यानं खेळायचं नाही आणि कोणाच्या हातात काय आहे ते बघितलं तरी तोंड उघडायचं नाही.

यंदा नाल काढायला बसला होता नवल काका, आबाचा चुलतभाऊ. दुपारी दिपमाला चहाची किटली घेऊन पारावर गेली आणि तेवढ्यात तिथं भडका उडाला.

“आरे हाऊ खाकरस!” सात घरांतला वना चटईवर उभा राहून ओरडत होता. “मन्हा हातमा तीन राजा ऱ्हायनात की हाऊ खाकरस, दोन ऱ्हायनात की शिंकस! मन्ही सकायपशी वाट लागी गयी!”

“माले सर्दी शे, भो!” नवल काका.

“वैशाखमा?”

“नाल काढस त्यानी पान सांगानं नही!” मागून कोणीतरी गरजलं. “एक तर नाल खा, नहीतर डाव खेय. दोन्ही नही.”

“मी नुसता खाकरनू…”

पुढचं वाक्य पुरं झालं नाही, कारण वनानं त्याची टोपी उडवली. मग टोपीमागं नवल काका, नवल काकामागं वना, आणि पत्ते पारभर. किटलीतला अर्धा चहा दिपमालाच्या पायावर सांडला. पाचेक मिनिटांनी मंडळी दमली. नवल काकाच्या हातून नालीचा डबा काढून घेतला, त्याला चटईच्या कडेला बसवलं आणि वर चहाही दिला. गाव आहे ते. मारतं आणि पाजतं.

आता डाव बंद पडला होता, म्हणून सगळ्यांना दिपमाला दिसली.

“दिपू,” झुलाल आबा म्हणाला, “बरी उनी तू. आम्हना शेअरनं सांग. ठेवू का इकू?”

सात घरांची माणसं तिच्याकडं बघायला लागली. वना तर टोपी हातात धरूनच.

 विका, हे दिपमालाच्या जिभेच्या टोकावर होतं. पण रिपोर्ट बाहेर पडायच्या आधी बापाला सांगणं म्हणजे काय? बाकीचे झोपेत असताना आपल्या माणसाला मागच्या दारानं बाहेर काढणं. कायद्यानं गुन्हा, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नवल काकाचं खाकरणं. आणि रिपोर्ट तरी कोणता बाहेर पडणार होता? अमनशेठचा, दीडशेवाला.

“आबा, ते आज सांगता येत नही.”

“कसाले?”

“उद्या सकाये बठ्ठासले एकदम सांगसु.” म्हणजे सगळ्यांना, एकाच वेळी.

“मी बठ्ठासमा शे का?” आबाचा आवाज चढला. “बाप शे मी तुन्हा.”

“म्हनीसनच.”

“हाई काय उत्तर शे?” वनाची बायको बेबाबाई झोक्यावरून उतरून आली होती. बेबाबाई म्हणजे तोंडाची तलवार. तिनं कोंबड्या विकून हिस्सा टाकलेला. “गया साले आखाजीले तर लगेच सांगं तू! ‘ल्या’ म्हने, ‘ल्या’! तव्हय तोंड उघडं नि आते कुलूप?”

खरं होतं. दिपमालानं किटली खाली ठेवली. तिला वाटलं, एकदा होऊन जाऊ दे.

“बेबाकाकू, मीबी नालच काढस.”

“काय?”

तिनं सांगितलं. कंपनी फी देते अमनशेठला, अमनशेठ पगार देतो मला, आणि कंपनी बरी की वाईट ते मी सांगते. तेही अमनशेठच्या बापाचे शेअर त्याच कंपनीत असताना. मराठीत सांगितलं, अहिराणीत सांगितलं, शेवटी पत्ते उचलून मांडून दाखवलं. हा रिखबचंद, हा योगराज, ही मी.

 नवल काका चटईच्या कडेवरून म्हणाला, “म्हनजे गया साले तू खाकरनी?”

“हां, काका.”

“आनि माले मारं!” नवल काका उठून उभा राहिला. “मन्ही टोपी उडाई! हिले कोन्ही काहीच म्हनत नही!”

यावर हसावं की रडावं ते कोणालाच कळेना. वनाला हसू आलं, तसं बेबाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. आबा मात्र हसला नाही. तो चटई झटकत बसला, मघाशीच झटकलेली.

---

सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या तासभर आधी अमनशेठचा फोन आला. घराच्या ओट्यावर सातही घरं येऊन बसली होती. एकदम सांगते म्हणाली ना, मग ऐकायलाच आलो, असा त्यांचा हिशेब. दिपमालानं फोन स्पीकरवर टाकला. सगळ्यांचं काम आहे, सगळे ऐकू देत.

“मॅडम, जय जिनेंद्र. आमरस झाला का? ओटीपी आलाय बघा तुमच्या मोबाइलवर. सांगा.”

“अमनशेठ, फोटो पाहिलेत का मी पाठवलेले?”

“पाहिले. दोन नंबरचा टाकलाय रिपोर्टात. मस्त आलाय.”

“आणि सिंहासनाचा?”

 “मॅडम, योगराज सुधारतोय. वेळ द्या त्याला. सगळे लोक वेळ देतात.”

“तुमचे पप्पा देतायत का? ते तर आजच विकतायत.”

“ओटीपी सांगा.”

“ओटीपी कोन्हले सांगानं नही,” बेबाबाई मध्येच म्हणाली. “बँकवाला सांगस.”

“कोण आहे तिथं?” अमनशेठचा आवाज बारीक झाला. तिनं सांगितलं, माझे वडील आहेत, गाव आहे, त्यांच्याकडं तापीकाठचे शेअर आहेत. आणि अमनशेठ, जो पिढीजात व्यापारी होता, त्यानं एका श्वासात सौदा टाकला. “मग सोपं झालं ना! काकांचे सगळे शेअर मी घेतो. आजच. नव्वदनं. ज्या भावात कंपनी आली, त्या भावात. बाकी जगाचं काय करायचं ते आपण बघू. ओटीपी सांगा.”

ओट्यावर जणू कोणी पंखा बंद केला. नव्वद! बासष्टच्या मालाला नव्वद. वनानं टोपी डोक्यावर घातली. नवल काकानं हात जोडले, कोणाला ते माहीत नाही.

“दे टाक,” कोणीतरी कुजबुजलं. “दे टाक, दिपू.”

दिपमालानं फोन म्यूट केला आणि आबाकडं पाहिलं. आबा संत नव्हता. सात घरांचे पैसे त्याच्या नावावर होते, सात घरांसमोर त्याला रोज उठून तोंड दाखवायचं होतं, आणि वर्षभरात कोणी काही बोललं नव्हतं तरी चहाला बोलावणं कमी झालेलं त्याला कळत होतं.

“दे ना मंग,” आबा म्हणाला. “तो घी ऱ्हायना तर दे.”

“आबा, तुम्हना शेअर तो घी. त्याना बापना कोन इकत घी?”

“घी कोन्हीतरी.”

“गया साले तो कोन्हीतरी तुम्हीच व्हतात.”

आबानं मान फिरवली. आतून मंजुळाबाई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.  शहाणपणाचं बोलायचा तिला कंटाळाच होता.

“मॅडम? आवाज येतोय का?” फोन विचारत होता.

 दिपमालाची नोकरी गेली तर जळगावच्या घराचा हप्ता, स्वप्नीलची, तिच्या नवऱ्याची, शाळेतली तुटपुंजी पगारवाढ, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. त्याहून वाईट म्हणजे आबाची ती फिरवलेली मान. बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तिनं म्यूट काढला.

“अमनशेठ, दीडशेवर माझी सही होणार नाही. माझं मत वेगळं आहे, ते मी टाकतेय.”

“टाकतेय म्हणजे? मॅडम, ऐका… पप्पा, पप्पा, लॅपटॉप द्या इकडं…”

तिनं फोन कापला. काम भराभर व्हावं म्हणून रिपोर्टाला मालकाच्या मंजुरीची पायरी अमनशेठनंच मागच्या वर्षी काढून टाकली होती. विश्लेषकानं सही केली की रिपोर्ट थेट सगळ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर. आदल्या रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिनं आपला मजकूर लिहून ठेवला होता. छोटाच होता. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: ‘ही कंपनी आमच्याच ऑफिसनं बाजारात आणली. तिच्याकडून आम्ही फी घेतली. आमच्या मालकांच्या घरात तिचे शेअर आहेत आणि ते आजपासून विकता येतात. गेल्या वर्षी मी खरेदी करा म्हटलं होतं, ते न बघता म्हटलं होतं.’ मग सहा उघड्या चेंबरांचे फोटो, सिंहासह. आणि खाली तो शब्द, जो तिनं आजवर लिहिला नव्हता.

नवा ओटीपी आला. तिनं तो कोणालाही सांगितला नाही. स्वतः टाकला.

मग ओट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या खिशात एकेक करून टिंग वाजलं, कारण वर्षापूर्वी सगळे त्या यादीत हौसेनं शिरले होते. वना मोठ्यानं वाचायला लागला. सिंहाशी आला तेव्हा बेबाबाईनं फोन हिसकावला. “हाई तर आम्हना रूपाना लगीननं सिंहासन शे! हाऊ फुटेल नाकना!”

रूपा तिची पुतणी, आदल्याच संध्याकाळी लग्नात त्यावर बसलेली. आणि मग, देवाशप्पथ, अख्खा ओटा हसला. पैसे बुडत असताना माणसं का हसतात ते अर्थशास्त्रवाल्यांनी सांगावं. त्यांना वेळ असेल तर.

बाजार उघडला. आबानं मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून, दिपमालाची मदत न घेता, स्वतःच्या बोटानं सगळे शेअर विकायला लावले. जगाला कळलं तेव्हाच त्यालाही कळलं होतं. आता कोणाच्या बापाची भीती नव्हती. पण भाव एका झटक्यात दिवसाच्या तळाला, म्हणजे एका दिवसात पडू देतात त्या हद्दीला, जाऊन चिकटला. विकणारे सगळे, घेणारा कोणी नाही. शेअर बाजारात असं झालं की नुसतं रांगेत उभं राहायचं. आज गिऱ्हाईक आलं नाही तर उद्या आणखी खाली, परवा आणखी.

अमनशेठचे फोन येत राहिले. एकदा योगराजभाऊंचाही आला. दिपमालानं मोबाइल उलटा करून ठेवला.

एकेक जण उठून गेला.  जाताना बेबाबाईनं चपला जरा जोरात आपटल्या. नवल काका जाता जाता म्हणाला, “नव्वद देत व्हता तो,” आणि ते वाक्य तो पुढं वर्षानुवर्षं म्हणणार होता, हे सगळ्यांनाच कळलं.

ओट्यावर बाप-लेक उरले. आबा अजून मोबाइलकडं बघत होता. त्यावर लिहिलेलं: प्रलंबित.

“दिपू, रांगमा मी कितवा?”

“समजत नही, आबा.”

“रिखबचंद शेठबी आजच इकी ऱ्हायना ना? तो मन्हा पुढे शे का मांगे?”

“तेबी समजत नही.”

आबानं थोडा विचार केला. मोबाइल बंडीच्या खिशात टाकला, गुडघ्यावर हात टेकून उठला.

“असू दे. पहिल्यांदाच शेठ नि मी एकच रांगमा शेतस.” आणि आत तोंड करून म्हणाला, “मंजुळा, रस शे का उरेल? पोर सकायपशी उपाशी शे.”